शिट्टी फ्रीजमध्ये नव्हती

माझ्या कानात शिट्टी वाजते, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

तोवर माझी ठाम खात्री होती, की आमचा नवा फ्रीजच वाजतोय. बारीक, एकसुरी 'कुंईऽऽ'! द्राक्षबागेत ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरनं फवारणी उरकून घरात पाऊल टाकलं, की सुरू. (शेतात ऐकू येत नाही म्हणजे आवाज घरातलाच, एवढं माझं शास्त्र!)

"अवं, मला तर कायबी ऐकू येईना," बायको, सुमन, म्हणाली.

"मग तुझे कान गेलेत!"

हे मी म्हणालो. मी!

लोणीचे पाहुणे आमच्या मुलीला बघायला येणार होते, त्याच सकाळी माझा संयम सुटला. मी फ्रीजची पिन उपटली. आवाज चालूच! इन्व्हर्टर बंद केला, टीव्ही बंद केला. चालूच! शेवटी नारायणगावहून रफीकभाई वायरमनला बोलावलं. त्यानं भिंतींना कान लावले आणि थेट मेन स्विच खाली ओढला.

"आता येतोय का आवाज, भाऊ?"

"येतोय की!"

रफीकभाईनं हातातली पक्कड पिशवीत टाकली. "मग राव, फॉल्ट वायरिंगमंदी न्हाई. तुमच्यात हाय."

मेन स्विच चालू करून तो गेला. मी मात्र रागारागात आंघोळीला गेलो. फ्रीजची पिन? ती तशीच लोंबकळत राहिली. वर उन्हाळा, आणि आत आदल्या दिवशीची बासुंदी!

दुपारी पाहुणे बसले. मुलाच्या वडिलांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि मोठ्या कष्टानं गिळला.

"लई... येगळी चव हाय."

सुमननं माझ्याकडे असं बघितलं, की मी घाईघाईनं सारवासारव केली, "फ्रीजचाच दोष हो! ऐका, अजून कसा वाजतोय!"

झालं! सात माणसं फ्रीजभोवती कान देऊन उभी. नवरामुलगा खाली वाकला आणि पिन हातात धरून म्हणाला, "मामा, ही तर काढलेली हाय."

आमची मुलगी पदरात तोंड खुपसून आत पळाली. (रडत नव्हती, हसत होती!) मुलाची आई तेवढी कळवळून म्हणाली, "दादा, आमच्या ह्यांचंबी असंच व्हतं. कान दाखवा आधी."

(सोयरीक जमली. बासुंदीमुळे नव्हे!)

आठवड्यानं सुमननं मला कानाच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

"कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात," डॉक्टर म्हणाले. "सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून निरोप येईनासा झाला, की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. कधी मळानं होतं, कधी एखाद्या औषधानं. तुमचे कान स्वच्छ आहेत. ब्लोअर किती वर्षं चालवताय?"

"अठरा."

"कानांवर काय घालता?"

"टोपी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. शिट्टी पूर्ण जाईलच असं नाही, पण सवय होते; उरलेलं ऐकू येणं मात्र जपा, म्हणाले. मी हादरलोच. किती उरलंय, ते बघायला तपासणी सांगितली.

काचेच्या खोलीत हेडफोन चढवून तिथल्या ताईंनी हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, काका."

लगेच आला! दाबलं. परत आला, परत दाबलं. जिद्दीनं दाबतच राहिलो. कोण म्हणतं याला ऐकू येत नाही!

ताईंनी दार उघडलं.

"काका, थांबा! मशीन अजून सुरूच केलं नाही!"