गेटवर ठेवलेल्या गोळ्या

थायरॉईडचा कॅन्सर आहे आणि तो पॅराथायरॉईडमध्ये शिरला होता, असं जबलपूरच्या सर्जनसाहेबांनी ऑपरेशननंतर सांगितलं. कॅन्सर या शब्दालाच मला घाम फुटला. पॅराथायरॉईड हा तर जन्मात ऐकला नव्हता. थायरॉईडला मागून चिकटलेल्या मसुराच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. माझ्या चारही काढाव्या लागल्या. साहेबांनी बजावलं, "कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या तर हात आखडतील."

महिनाभर दवाखान्यात होतो. ओठांना मुंग्या आल्या की नर्स शिरेत इंजेक्शन द्यायची. मी भिंतीकडे तोंड करून रडायचो, खोटं कशाला सांगू.

खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात कामावर परतलो तेव्हा लढाई सुरू झाली होती. आमच्या शेडमध्ये तोफगोळ्यांचे फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी टोपणं, भरायचं काम, बारा-बारा तासांची पाळी. आत जाताना गेटवर विडी, काडेपेटी, नाणी, सगळं काढून ठेवायचं. औषध न्यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी दाखवा. चिठ्ठीवर कॅन्सर लिहिलेलं. ते वाचून मला शेडमधून काढलंच असतं, आणि माझ्याजवळ जेवायला तरी कोण बसलं असतं? तेव्हा लोकांना वाटायचं, हा रोग शिवल्यानं होतो. मी गलगंडाचं ऑपरेशन झालं म्हणून ठोकून दिलं आणि गोळ्या विड्यांसोबत गेटवरच ठेवू लागलो.

बायको म्हणायची, "अहो, काहून लपवून राहिले?" मी तिच्यावरच खेकसायचो.

पाचव्या दिवशी भरलेला फ्यूज हातात असताना बोटं आखडली. सोडता येईना, ठेवता येईना, पडला तर फुटणार. शेडमध्ये आम्ही सहा जण होतो. शेजारच्या रामसजीवनभैयानं माझ्या हातांखाली आपले हात धरले आणि हळूच म्हणाला, "दादा, हिलना मत." एकेक बोट उघडून त्यानं फ्यूज काढून घेतला. मग तो जमिनीवरच बसला. त्याला तीन मुली होत्या.

खरं दुखणं उघडं पडलं, माझी शेड सुटली, स्टोअरात कारकुनी मिळाली. रामसजीवन घरी आला. रागावला नाही, एवढंच विचारलं, "हमसे काहे छुपाया?"

तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं आलं तर लाज सोडा आणि सोबतच्यांना सांगा. हात माझे आखडले होते, मेलो असतो सगळे.

गेल्या आठवड्यात गळ्यात पुन्हा गाठ लागली. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून निघालो तो घरी गेलो नाही. आधी रामसजीवनच्या क्वार्टरवर गेलो आणि त्याला सांगितलं.