दोन्ही हात दाखवा

संध्याकाळी सुट्टीची घंटा झाली की साचे बसवणारे काका कारखान्याच्या दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "हात." माणूस मुकाट्याने दोन्ही पंजे उघडून समोर धरायचा. ते एक नजर टाकायचे, "दहा" म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे. नव्या माणसाला वाटायचं, काही चोरलंय का ते बघतायत. पहिल्या दिवशी मीही फुरंगटलो होतो. सुपरवायझर म्हणून लागलेल्या माणसाची झडती घ्यायची म्हणजे काय? मग लक्षात आलं की मोजणाऱ्याचा स्वतःचा डावा हात दारात कायम पँटच्या खिशात असतो, आणि त्या हाताला दोनच बोटं आहेत.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना पत्र्याचे सुटे भाग काढायचा. चौदा पॉवर प्रेस होते. प्रेस तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. खाली साचा असतो आणि वरून एक जड लोखंडी ठोकळा दणकन खाली येतो. पत्रा साच्यावर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे आणि दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. बटणं दोन एवढ्याचसाठी, की ठोकळा खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. रोज सकाळी प्रत्येक प्रेसवर साचा बसवून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. साचा बसला की ते बटणांवर हात ठेवून डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायचे. चौदा प्रेस, चौदा वेळा. मी एकदा विचारलं, काय म्हणता? ते म्हणाले, येशूच्या प्रार्थनेतलं मोहात पडू देऊ नकोस आणि वाइटापासून सोडव, एवढंच मागतो. बाकीचं घरी मागतो.

ते मूळचे नगरकडचे, राहायला कल्याणला. कारखान्यात सगळे त्यांना 'फादर' म्हणायचे आणि ते दर वेळी वैतागायचे. आमच्या चर्चमध्ये फादर नसतो, पाळक असतात, आणि मी पाळकही नाही, हे त्यांनी निदान शंभर वेळा समजावलं असेल. एकशेएकाव्या वेळी पुन्हा कोणीतरी 'फादर, चहा घ्या' म्हणायचं आणि ते निमूट घ्यायचे.

सैतानाबद्दल ते शेजाऱ्यासारखं बोलायचे. "अकराला आला होता," असं चहा पिताना सहज सांगायचे. मला गंमत वाटायची. एकदा विचारलं, दिसतो कसा?

"तुमच्यासारखाच," ते म्हणाले. "घाईत असतो."

मी हसलो. सहा महिन्यांनी मात्र मला हसू आलं नाही.

एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल त्या दिवशी संध्याकाळी सहाला ट्रकमध्ये भरायचा होता. मालकांना तसा शब्द मी दिला होता. कोणी मागितला नव्हता, मीच पुढेपुढे करून दिला होता. दुपारी दोनला हिशेब केला तर माल पुरा होत नव्हता. आता प्रेसवर काम करणाऱ्यांना एक पळवाट माहीत असते. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग एका हाताने दुसरं बटण दाबत राहायचं आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. काम दीडपट होतं. फक्त एक हात सतत ठोकळ्याखाली ये-जा करत असतो.

मी पाचर घेतली आणि सुरेखाताईंच्या प्रेसच्या डाव्या बटणात स्वतःच्या हाताने ठोकली. म्हणालो, आजच्या दिवस. त्यांना कामावर लागून तीनच महिने झाले होते, घरी दोन मुली होत्या. त्यांनी पाचरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पत्रा उचलला.

तेवढ्यात प्रेस बंद पडला. बघतो तर हे मेन स्विचपाशी उभे, चांगला हात स्विचवर. मी तापलो. बाजूला व्हा म्हणालो, वय बघून सोडतोय असंही काहीतरी बोललो. ते हलले नाहीत.

"दोन मिनिटं द्या," ते म्हणाले. "प्रार्थना करतो. तेवढा वेळ स्विच बंद असलेला बरा."

आणि डोळे मिटून, साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. "प्रभू, आमच्या साहेबांना आज फार घाई आहे. ते वाईट नाहीत, पण वाईट त्यांच्या मानगुटीवर बसलंय. त्यांना सोडव. या ताईचा हात सांभाळ. आणि मलाही सोडव, कारण ही पाचर काढून साहेबांच्या डोक्यात घालायचा मला फार मोह होतोय. आमेन."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं, सुरेखाताईंनी पदर तोंडाला लावला, आणि मीही हसलो. आपण काय करायला निघालो होतो ते मला तेव्हा दिसलं. मी पाचर उपटली. त्यांनी स्विच चालू केला.

मग खिशातला हात बाहेर काढून त्यांनी मला दाखवला. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांनीही पाचर लावली होती. लावायला कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच स्वतःला 'आजच्या दिवस' म्हणाले होते. "वाईट हे वाईट म्हणून येत नाही, साहेब," ते म्हणाले. "ते अडचण सोडवायला येतं. आपल्या ताकदीवर त्याला हुसकायला गेलो की हरतो. म्हणून हाक मारायची. लाजायचं नाही."

माल साडेसातला पुरा झाला. आणि ट्रक? तो शीळफाट्याला अडकला होता, तो सव्वाआठला आला. मी त्यांना म्हणालो, काका, तुमच्या प्रार्थनेने ट्रकसुद्धा थांबवला. ते गंभीरपणे म्हणाले, शीळफाट्यासाठी मी काही मागितलं नव्हतं, तिथे रोजच ट्रॅफिक असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुरेखाताईंनी माझी पाचर त्यांच्यापुढे आणून ठेवली. मग एकेक जण उठला. कोणाच्या डब्याच्या पिशवीतून, कोणाच्या कपाटातून, एक तर चक्क मारुतीच्या फोटोमागून, अशा नऊ पाचरी निघाल्या. सगळ्यांकडे होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं आपल्याकडेच आहे. त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत तीन विटा मांडल्या, पाचरी पेटवल्या आणि त्यावर आम्हा सगळ्यांसाठी चहा ठेवला. चहाला धुराचा वास होता. तरी इतका झकास चहा मी त्यानंतर प्यालो नाही. ते म्हणाले, चला, सैतानाचा सरपणाला तरी उपयोग झाला.

लढाई तिथेच संपली, असं मला वाटलं होतं. पण ते त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा चौदा प्रेसवर चौदा वेळा डोळे मिटून उभे. तो रोज येतो, म्हणून रोज मागायचं, असं त्यांचं साधं गणित होतं. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीसाठी सुरेखाताई अनवाणी राहायच्या, तर हे प्रेसवर त्यांना बूट घालायला लावायचे. देवी रागावली तर माझं नाव सांगा, म्हणायचे. देवी रागावली नाही. त्यानंतर अकरा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत, आमच्या कारखान्यात एकाचंही बोट गेलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार झाला, शाल झाली, भाषण त्यांनी टाळलं. घंटा झाल्यावर सवयीने दारात जाऊन उभे राहिले. आम्ही रांगेत गेलो. "दहा," "दहा," ते म्हणत गेले. शेवटी सुरेखाताई आल्या. त्यांनी हात दाखवले आणि तिथेच थांबल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "आज तुमचे दाखवा."

एवढ्या वर्षांत त्या दारात कधी खिशाबाहेर न आलेला तो हात बाहेर आला. दोन्ही पंजे त्यांनी आमच्यासमोर उंच धरले. मग मीच चाचरत म्हणालो, "तीन गेली, काका."

"ती सैतानाने नेली," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लख्ख उजळला होता. "सात प्रभूने सोडवून आणली. मोजा."

आम्ही मोजली. मोठ्याने, सगळ्यांनी मिळून, एक ते सात.

आता ते नगरला मुलाकडे असतात. दारात कोणी उभं राहत नाही, आणि त्या जागेवर उभं राहायची माझी छाती नाही. पण संध्याकाळी घंटा झाल्यावर तुम्ही कधी आमच्या गल्लीतून गेलात तर बघा. कामावरची माणसं त्या रिकाम्या दारापाशी येतात, क्षणभर दोन्ही हात उघडून समोर धरतात, आणि मग घरी जातात.