स्प्रिंगपुरती टीम

२००४च्या स्प्रिंगमध्ये मी एका अमेरिकन फुटबॉल टीमची फिजिओ होते. नागपूरहून एडिनबराला येऊन तीन वर्षं झाली होती, हॉस्पिटलमध्ये नोकरी होती, तिथूनच त्या सीझनपुरतं मला टीमकडे पाठवलं होतं. तोवर स्कॉटलंडमध्ये हा खेळ चालतो याचा मला पत्ताच नव्हता.

टीम मूळची एडिनबराचीच. नव्वदच्या दशकात सुरू झाली, एकदा युरोपात पहिलीही आली. पुढे प्रेक्षक रोडावले आणि सामने ग्लासगोला गेले. खेळाडू बहुतेक अमेरिकेतले. तिकडच्या मोठ्या टीममध्ये जागा न मिळालेली ही मुलं उन्हाळ्यापर्यंत इथल्या हॉटेलात राहायची, खेळायची आणि बोलावण्याची वाट बघायची. इथून जाऊन तिकडे स्टार झालेल्या जुन्या खेळाडूंच्या गोष्टी ती एकमेकांना सांगायची. आपल्याकडे शेजारचा मुलगा आयएएस झाल्याचं सांगतात ना, अगदी तशा.

त्यातला एक रोज माझ्याकडे खांदा घेऊन यायचा. चोवीस वर्षांचा, दारात मावणार नाही एवढा. बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून त्याला वाचवायचं, हे त्याचं काम.

"मॅम, आमचं नाव स्पीकरवर येतं ते चूक केली तरच," तो हसून म्हणाला होता.

तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका खेड्यातला. एकदा दुपारी माझ्या डब्याकडे बघत थबकला.

"ही ओक्रा आहे?"

"भेंडी. घे ना."

पोळीच्या सुरळीत भाजी घालून दिली. पहिला घास त्यानं सावकाश चावला. मग म्हणाला, "आजी मक्याच्या पिठात घोळवून तळते. ही तशी नाही, पण आहे आमच्याच घरची." मला एकदम आईच्या स्वयंपाकघरातला एप्रिल आठवला, कूलरचा आवाज, वाळ्याचा वास. त्यानंतर मी भेंडी केली की दोन डबे न्यायचे.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात स्टँड अर्धे रिकामे होते. खांदा बांधलेलाच, तरी तो एकदाही मागे हटला नाही. सामना संपल्यावर सगळे कठड्यापाशी जाऊन लोकांशी हात मिळवत राहिले. ही टीमची शेवटची स्प्रिंग आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघताना तो म्हणाला, "तिकडच्या एका मोठ्या टीमनं निवडीच्या कॅम्पला बोलावलंय. टिकलो तर टीव्हीवर दिसेन. नाही टिकलो, तर मार्चमध्ये इथेच."

ऑगस्टच्या शेवटी त्याचा फोन आला. "मॅम, काढलं मला. पण खांदा ठीक आहे. मी परत येतोय."

काही आठवड्यांनी बातमी आली. टीम बंद. तिची जागा जर्मनीतल्या एका शहराला. मीच त्याला फोन केला, त्याला आधीच कळलं होतं.

"तिकडे घेतील तुला," मी म्हणाले.

"घेतीलही. पण तिकडे मी कुणालाच ओळखत नाही." मग त्यानं विचारलं, "तुम्ही काय करणार आता?"

मी हॉस्पिटलमध्येच राहिले. मार्च आला की ग्लासगोची ट्रेन पकडावीशी वाटायची. एका शनिवारी खरंच गेले, ग्राउंडच्या बाहेरून चक्कर मारली आणि चहा पिऊन परतले. नवऱ्याला सांगितलं, शॉपिंगला गेले होते.

तो जर्मनीला गेला नाही. दोन-तीन वर्षांनी मी पुन्हा फोन केला, तेव्हा तो गावच्या शाळेत कोच झाला होता. मागून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"मी स्कॉटलंडमध्ये खेळायचो म्हटलं, की ही पोरं हसतात," तो म्हणाला. "त्यांना वाटतं थापा मारतोय."

"माझ्यावरही इथे कुणी विश्वास ठेवत नाही," मी म्हणाले.

"पण होतो ना आपण तिथे?"

"होतो रे."

मागून पोरं त्याला हाका मारू लागली. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.