लाल झेंडा उतरल्यावर

आमची पलटण तेव्हा दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती, मी नाईकाच्या हुद्द्यावर. पलटणीचे सुभेदार जाधव साहेब पेन्शनवर गेले आणि गावी न जाता फरीदाबादमागच्या अरवलीत झोपडी बांधून राहिले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. उभी नोकरी सीमेवरच्या पिकेटवर काढलेला माणूस, गर्दीत जीव गुदमरायचा त्यांचा. लोक म्हणतात, दुरून डोंगर साजरे. साहेबांना जवळूनच साजरे!

रविवारी मी आऊट-पास काढून डाळ, मीठ, काडेपेटी पोचवायचो. एक चूल, एक घोंगडी आणि जुन्या खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी, एवढाच संसार. दाढी मात्र रोज.

"आता कशाला साहेब? सिव्हिलियन झालात," मी चिडवायचो.

"गप रे. इन्स्पेक्शन कधीही होतं."

मग खाली नव्या कॉलन्या उठू लागल्या. त्यांना खडी हवी. पलीकडच्या उतारावरचे खाणवाले सरकत सरकत साहेबांच्या खड्ड्यापाशी आले. त्या रविवारी तिथे पहिलाच सुरुंग होता. मी हट्टालाच पेटलो.

"साहेब, आज तुम्हाला घेतल्याशिवाय हलणार नाही."

त्यांनी बादली उचलली. म्हणाले, "ठीक आहे. सामान बांध. मोरांची पाण्याची कुंडी भरून ठेवतो, उद्यापासून कोण भरणार?"

खड्ड्याच्या कडेला एक मजूर लाल झेंडा धरून उभा होता. साहेब बादली घेऊन थांबले. आमच्या फायरिंग रेंजवर लाल झेंडा वर म्हणजे फायरिंग चालू, उतरला की बंद. जवानाच्या हाडात मुरलेलं असतं हे. खाणीवर उलटं होतं. वात पेटली की मजूर झेंडा घेऊनच पळायचा. हे ना साहेबांना ठाऊक, ना मला.

झेंडा उतरला. साहेब चालू लागले.

"भागो बाबा! बत्ती दे दी है!" मजूर पळता पळता ओरडला.

"साहेब, डाऊन!" मी झोपडीतून ओरडलो.

ऐकताक्षणी ते जमिनीवर पालथे झाले. पण दगड वरून आला.

मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "कुंडी..." एवढंच म्हणाले. मी पोरासारखा रडलो. मग कुंडी भरली.

पुढे हवालदार झालो, रेंज माझ्याकडे आली. झेंडा उतरला तरी मी जवानांना उठू देत नसे.

"हवालदार साहेब, झेंडा उतरला की!"

"पडून राहा."

पलटणीच्या स्मारकावर जाधव साहेबांचं नाव नाही. ड्युटीवर नव्हते ना! म्हणून जवान पडून असत तेवढ्यात मी ते नाव मनातल्या मनात घ्यायचो आणि मग सांगायचो, "उठा."