रविवारीच घासणारं चाक

“फक्त रविवारीच घासतं,” लिमये काका म्हणाले.

मी हातातला पाना खाली ठेवला. चाकाचा आवाज वळणावर येतो, खड्ड्यात येतो, रिव्हर्स घेताना येतो. वार बघून आवाज करणारं चाक तोवर माझ्या पाहण्यात नव्हतं.

मी भवानी पेठेतल्या एका टायरच्या दुकानात काम करते. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कंपनीची चाकं काढून गाडीला देखणी अलॉय व्हील्स बसवायची आणि ती कुठंही घासू द्यायची नाहीत, हे माझं काम. हा विभाग मी शेठच्या मागे लागून सुरू करून घेतला होता. दारावर पाटीही लावली होती, ‘घासलं तर चाकं परत घेऊ.’ ती पाटी शेठना पहिल्या दिवसापासून डाचत होती.

लिमये काका बँकेतून रिटायर झालेले. नवीकोरी हॅचबॅक घेऊन काकूंबरोबर आले होते. चाकं त्यांना बॉडीच्या बरोबरीला हवी होती. “कंपनीची चाकं कशी, पोट आत घेऊन फोटोला उभं राहिल्यासारखी दिसतात,” ते म्हणाले.

चाक किती बाहेर येणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक त्याची रुंदी. दुसरा ऑफसेट. चाक गाडीला जिथं नटांनी आवळतात ती जागा चाकाच्या मध्यापासून किती लांब आहे, त्याचं माप म्हणजे ऑफसेट. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत जातं. काकांसाठी मी रुंद चाक आणि कमी ऑफसेट निवडला. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहिलं, गाडी चालवून पाहिली. कुठंही आवाज नाही. गाडी अशी काही दिसत होती की मीच चारी बाजूंनी फोटो काढून घेतले.

आणि आता ही रविवारची तक्रार. मी गाडी चालवून आले. जराही आवाज नाही. पुढच्या सोमवारी काका पुन्हा हजर, काकूंसह. पुन्हा तेच.

“काका, रविवारी वेगळं काय असतं?” मी विचारलं.

“रविवारी हे सकाळी खडकवासल्याला जातात, वॉकला,” काकू म्हणाल्या. “डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय आणि चालायला सांगितलंय.”

“गाडीत एकटेच असता?”

“एकटाच!” काका जरा घाईनंच म्हणाले.

“मग या रविवारी मी मागून स्कूटरवर येते. आवाज नेमका कुठून येतो ते बघते.”

“छे छे, कशाला उगाच त्रास!”

ते गेल्यावर शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. “वर्षा, हा माणूस पुढच्या सोमवारी परत तक्रार घेऊन आला तर अलॉय बंद. तू पूर्वीसारखी बिलिंगच्या काउंटरवर.”

“शेठ, मला एक रविवार द्या.”

“घे की. सुट्टी तुझीच जाणारे.”

काउंटरवर मला परत जायचं नव्हतं. पण डोक्यात दुसरंच काहीतरी घुमत होतं. फुकट सर्व्हिस घरपोच मिळत असताना ‘नको’ म्हणणारा माणूस मी पुण्यात प्रथमच पाहिला होता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

रविवारी सकाळी मी राजाराम पुलाशी स्कूटर लावून थांबले. काकांची गाडी आली आणि मी डोळे चोळले. गाडीत पाच जण! काकांच्या शेजारी एक, मागे तिघं, आणि चौघंही चांगले खात्यापित्या घरचे. मागची बाजू इतकी खाली बसली होती की चाकाचा वरचा भाग बॉडीत गेलेला. मी मागे लागले. पुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी आपटली आणि मागच्या चाकातून आवाज आला, खर्रर्र!

“सापडलं!” मी स्कूटरवरच ओरडले. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, “काय हरवलं होतं, ताई?”

सांगायला वेळ नव्हता. मी थेट खडकवासल्यापर्यंत गाडीचा माग सोडला नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्रर्र, आणि प्रत्येक खर्रर्रला मला गुदगुल्या. धरणापाशी ही मंडळी गाडीतून उतरली आणि वीस पावलं चालली. तेवढाच त्यांचा वॉक. वीस पावलांवर भज्यांची गाडी होती.

मी समोर उभी राहिले तेव्हा काकांच्या हातात कांदाभज्यांची प्लेट होती. घास तोंडातच राहिला.

“वर्षाताई, तुम्ही इथे?”

“आवाज ऐकायला आले, काका. ऐकला.”

“हे बघा,” काका आवाज खाली आणत म्हणाले, “हिला मात्र काही बोलू नका. चार मित्र, आठवड्यातून एकदा, एक प्लेट.”

“दोन प्लेट,” मागून एक मित्र म्हणाला.

मी नाही बोलणार, असं कबूल केलं. भजीही खाल्ली. उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी सकाळीच दुकानात मागवून घेतली आणि येताना घरून कणकेचा गोळा घेऊन आले. मागच्या चाकावर बॉडीची जी कड येते, तिच्या आतून कणकेची जाड वळी चिकटवली. टायर जितकं वर येईल तितकी कणीक दाबली जाणार, उरेल तेवढी मोकळी जागा. आता गाडीत वजन हवं होतं. दुकानातली तीन दांडगी माणसं बसवली, तरी कमी वाटलं.

“शेठ, तुम्ही मागे बसा ना.”

“मी?”

“काकांच्या मित्रांच्या तोडीचं वजन दुकानात फक्त तुमचं आहे.”

शेठ बसले. स्पीडब्रेकरवरून गाडी नेली, परत आणली. कणीक कापल्यासारखी सपाट, टायरला पीठ लागलेलं. मग त्याच डिझाइनचं, पण थोडं अरुंद आणि जास्त ऑफसेटचं चाक लावलं. आतल्या बाजूला शॉक अॅब्सॉर्बरपाशी बोट सहज जातंय हे पाहून घेतलं. नवी कणीक, तोच रस्ता, तेच शेठ. या वेळी भाकरीएवढी जाड कणीक शिल्लक होती!

मी टाळ्या पिटल्या. शेठनी कणकेवर बोट दाबून पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे पाहिलं. “राहू दे ती,” म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. मला तेवढंच ऐकायचं होतं.

संध्याकाळी काका-काकू गाडी न्यायला आले. चाक पूर्वीपेक्षा थोडं आत गेलं होतं, पण काका खूश दिसले. काकू गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्यापाशी आल्या.

“आता पाच माणसं बसली तरी घासणार नाही ना?”

मी काकांकडे पाहिलं. काका टायरकडे पाहत होते.

“नाही घासणार,” मी म्हणाले.

“छान. चालून आलेल्या माणसाच्या शर्टाला घामाचा वास यायला हवा. यांच्या शर्टाला तळणीचा येतो. यांच्या चारही मित्रांच्या बायकांचं तेच म्हणणं आहे,” काकू शांतपणे म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. “येत्या रविवारी पुढच्या सीटवर मी बसणार आहे. मित्रांपैकी कोण घरी राहणार ते ठरवून ठेवा. भजी एकच प्लेट, आणि ती माझी.”

तेव्हापासून मी गाडीत कणीक लावून आणि माणसं भरूनच चाचणी घेते. गाडीत किती जण बसतात हे मालकाला विचारते, पण बायको शेजारी उभी असेल तर नाही.