बॅनरच्या सावलीतलं सोयाबीन

दिगंबर अप्पांनी मुळासकट उपटलेलं सोयाबीन माझ्या टेबलावर आपटलं. माती थेट डब्यातल्या भातावर. मी तालुक्याची कृषी अधिकारी, त्यामुळे भातात माती नोकरीतच धरलेली आहे.

"बोगस बी हाय मॅडम! कमरेएवढं वाढलं, पण शेंग न्हाई. ह्या पोरीच्या दुकानाचं लायसन रद्द करा."

पोरगी, म्हणजे प्रज्ञा, मागेच उभी होती. नायगावकडच्या, अप्पांच्याच गावातली. नांदेडची नोकरी सोडून तिनं गावात बी-बियाणांचं दुकान काढलं होतं. लायसन गेलं की दुकान गेलं. शिवाय 'कशाला नसते उद्योग' म्हणायला अर्धं गाव तयारच होतं.

"मॅडम, ह्याच लॉटचं बी माझ्या चुलत्यानं पेरलंय. लई शेंगा हायत," ती म्हणाली.

लॉट म्हणजे एकाच खेपेचं बी. ते एकाकडे अस्सल आणि दुसऱ्याकडे बोगस, असं सहसा होत नाही. मी माझ्या वरच्या साहेबांना फोन केला.

"अप्पा बडं प्रस्थ आहे. बी खराब लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, शेत तर बघू द्या."

"बघा. पण लिहा तेच."

शिवारात काढणी सुरू होती. सगळीकडे सोयाबीन पिवळं पडून पानं गाळत होतं आणि अप्पांचं फाट्याजवळचं रान हिरवंगार. कीड नाही, रोग नाही, खताचा अतिरेक नाही. गंमत म्हणजे त्याच रानाची पलीकडची बाजू मस्त पिकलेली. मी हिरव्याच्या कडेकडेनं चालत गेले. आकार अर्ध्या भाकरीचा निघाला. भाकरीची सरळ कड रस्त्याला, आणि तिच्या मधोमध उंच खांबावरचा हायमास्ट दिवा.

"अप्पा, हा दिवा कधी आला?"

अप्पांची छाती फुगली. "औंदा उन्हाळ्यात. मीच आणला. वस्तीवाले बुद्धविहाराच्या रस्त्याला मागून राहिले होते. मी म्हणलं, फाट्यावर लावा. रातभर उजेड, डुकरं फिरकत न्हाईत."

प्रज्ञाचं घर त्याच विहाराच्या रस्त्याला. वस्तीनं दिव्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. मला संताप आला.

"अप्पा, डुकरं पळाली, पण सोयाबीनची झोप उडाली. दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की त्याला कळतं, आता फुलं धरायची, शेंगा भरायच्या. तुम्ही रात्रच होऊ दिली नाही. त्याला वाटलं अजून वेळ आहे, म्हणून नुसतं वाढत बसलं."

"खाली-पिली काय बी सांगू नका. माझा साडू पोल्ट्रीत बल्ब लावतो, कोंबड्या जास्त अंडी देतात!"

"कोंबडीला मोठा दिवस मानवतो. सोयाबीनला मोठी रात्र."

अप्पांना पटेना. तेवढ्यात मला हिरव्यात एक पिवळा चौकोन दिसला. आत शिरले. तिथली झाडं शेंगांनी लगडलेली. मागे वळून दिव्याकडे पाहिलं, तर मध्ये बांधावर भलामोठा फ्लेक्स: 'प्रकाशाचे शिल्पकार'. वर हात जोडलेले अप्पा. उद्घाटनाला लावलेला, अजून कुणी काढला नव्हता. रात्री त्याची सावली बरोबर त्या चौकोनावर पडत होती.

"अप्पा, ह्या सगळ्या हिरव्यात फक्त तुमच्या फोटोच्या सावलीत शेंगा धरल्यात."

अप्पांनी फोटो पाहिला. चौकोन पाहिला. "मायला!" प्रज्ञा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मी अहवालात लिहिलं: बी निर्दोष, नुकसान दिव्याच्या उजेडामुळे. साहेब म्हणाले, "दिवा सरकारी आहे, तेवढं गाळा." मी गाळलं नाही. प्रज्ञाचं लायसन राहिलं.

पुढच्या ग्रामसभेत अप्पा स्वतः उभे राहिले. "विहाराच्या रस्त्याला अंधार हाय. बाया, लेकरं ठेचकाळून राहिलीत. शोभतं का हे आपल्याला?" बोलताना त्यांनी टेबलावर मूठही आपटली म्हणे. अनुमोदन प्रज्ञानं दिलं. पुढच्या पेरणीच्या आत फाट्यावरचा दिवा तिकडे गेला. पाठोपाठ फ्लेक्सही गेला, हात जोडून.

हल्ली कुणी मला विचारलं की मॅडम, अर्ज कसा लिहावा, तर मी अर्ज वाचतच नाही. आधी विचारते, ज्यांच्या हातात निर्णय आहे, त्यांचं शेत कुठं आहे?