वाचनाचा शेवटचा प्रयोग

आमच्या कंपनीत नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ‘वाचन’ होत असे. नाव साधं, पण प्रकार नाटकाचा. एका खुर्चीत मी, समोर आमचे जुने सहकारी अण्णा, आणि बाकीची मंडळी कामं टाकून प्रेक्षकांत.

आम्ही कोल्हापुरात बसून दूध संकलन केंद्रांसाठी एक छोटा डेटाबेस बनवतो. त्याच्यासोबत सेटिंगची एक नमुना फाइल जाते. तिच्यातल्या प्रत्येक सेटिंगपुढे जाळीची खूण, म्हणजे #, असते. ती खूण असेपर्यंत डेटाबेस त्या ओळीकडे बघत नाही, स्वतःच्या पोटातला आकडा वापरतो. मग ती ओळ कशाला? तर पोटात कोणता आकडा आहे हे केंद्रावरच्या माणसाला कळावं म्हणून. पटला तर राहू द्या, नाही तर खूण काढून आपला घाला. म्हणजे फाइलीतला आकडा आणि पोटातला आकडा एकच पाहिजे. नाही तर आम्ही लोकांना छापील खोटं वाटतोय.

ते जुळवण्यासाठी वाचन. मी नमुना फाइल वाचायचो, अण्णा प्रोग्रामचा छापील कागद. मी दरबारी आवाजात विचारायचो, “एका वेळी जोडण्या किती?” अण्णा छाती काढून म्हणायचे, “शंभर, महाराज!” मी गरजायचो, “मंजूर!” अण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण मी महाराज आणि ते प्रधान, हे कधी बदललं नाही. इतकी वर्षं या खेळात मी जितका हसलो, तितका पगाराच्या दिवशीही हसलो नसेन.

मग मलकापूरकडच्या एका केंद्रावरून तक्रार आली. संध्याकाळी दूध घेताना लाईट गेली आणि परत आल्यावर काही लोकांचं दूध नोंदीत नव्हतंच. काट्यावर बसणाऱ्या बाईंवर गाव उलटलं. हिनंच नावं पुसली, म्हणू लागलं. बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, “तुमच्या फाइलीत लिवलंय, दर मिनिटाला नोंद पक्की हुती म्हणून. मग एवढी नावं गेली कुठं?”

आमच्याकडे तेव्हा एक मॅडम नव्यानं आल्या होत्या. कबनूरच्या. घरात यंत्रमागाचा खडखडाट, त्यामुळे आवाज खणखणीत. आमचं वाचन एकदा बघून त्या म्हणाल्या होत्या, “प्रयोग झकास झाला सर, पण हे काम मशीनला का देत नाही?” तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं. तक्रार आल्यावर त्यांनी कुणाला न विचारता एक तपासणी लिहिली. ती रिकामा डेटाबेस चालू करते, एकेका सेटिंगचा पोटातला आकडा त्यालाच विचारते आणि नमुना फाइलीशी ताडून बघते. मी हातातला चहा खाली ठेवेपर्यंत निकाल लागला. सगळ्या ओळी हिरव्या, एक लाल.

नोंदी पक्क्या करण्याची वेळ. फाइलीत एक मिनिट, पोटात दहा. सारखं लिहून मेमरी कार्ड लवकर झिजतं म्हणून आमच्यातल्याच एकानं मागच्या आवृत्तीत तो आकडा बदलला होता.

“पण ही ओळ आम्ही वाचलीय!” मी म्हणालो. “मी विचारलं, अण्णा एक म्हणाले.”

“मग कागदावर एकच असणार,” अण्णा म्हणाले. “आणा कागद.”

मॅडमनी प्रिंटरवरचा कागद आणून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो धरला, बोट फिरवलं, एका जागी थांबवलं आणि ठासून म्हणाले, “हे बघा. एक!”

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. गडबडीत भलताच कागद आला होता. त्यावर ही ओळच नव्हती.

मॅडमनाही ते दिसलं. त्या बोलायला गेल्या आणि थांबल्या. अण्णांना त्या शांततेवरूनच कळलं असावं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“दिसत न्हाय मला,” ते म्हणाले. “दिवाळीपासनं.”

“अवो अण्णा, मग सांगायचं की!” मी म्हणालो.

“सांगून काय? घरात बसवलं असतंसा. सगळं पाठ हाय, म्हटलं चालतंय तवर चालवू.” मग मला म्हणाले, “गाडी काढ. मलकापूरला जायाचं.”

“फोन करून सांगू की.”

“गावासमोर त्या बाईचं नाव गेलंय. फोनवर कसं परत यायचं ते?”

संध्याकाळच्या दुधाला पोहोचलो. किटल्या घेऊन माणसं रांगेत. अण्णा माझा दंड धरून काट्यापाशी गेले आणि प्रयोगातल्या त्याच आवाजात बोलले, “मंडळी, या बाईनं कायबी पुसलेलं न्हाय. लाईट जायच्या आधीची दहा मिनिटं आमच्या मशीननं गिळली. फाइलीत चुकीचा आकडा लिवला आमी, आणि तो तपासायचं काम माझं हुतं. मला दिसत नव्हतं, तरी मी वाचतोय म्हणालो.”

रांगेतून एक म्हातारा ओरडला, “काय ओ पावणं, न दिसणाऱ्याला कागद वाचाय देत्यात व्हय तुमच्यात?”

“पाठांतर लई चांगलं हाय माझं,” अण्णा म्हणाले. “म्हणून कुणाला कळलं न्हाय.”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. “आठ दिवस माझ्या घरात कोण धड जेवलं न्हाय,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाची किटली ओढून घेतली. तो माणूस खाली बघत म्हणाला, “चुकलं वैनी आमचं.” बाईंनी दूध ओतून घेतलं. मापलं, नोंद केली, पुढचा.

परत येताना आम्ही वाघबीळचा घाट उतरलो. अण्णा म्हणाले, “त्या पोरीची तपासणी बरी. तिला कायच पाठ न्हाय. दरवेळी नव्यानं इचारती.”

“आकड्यांचं ठीक आहे,” मी म्हणालो. “पण फाइलीत प्रत्येक आकड्यावर आपण चार ओळी समजावून लिहितो, त्या खऱ्या आहेत का हे त्या तपासणीला कुठं कळतंय? त्या ऐकून सांगायला माणूस लागणारच.”

“कीव करतोस व्हय रं माझी?”

“कीव करायला मी काय तुमचा जावई आहे?”

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत डोळ्यांच्या दवाखान्यात यायला कबूल झाले. तिथं पडद्यापलीकडे आमच्या आधीचे गृहस्थ भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मोठ्यानं वाचत होते. बाकावर माझ्या शेजारी अण्णांचे ओठ हलत होते. वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता त्यांनी पाठ केला, हे मला कळलं.

नंबर आला. डॉक्टरांनी काठी टेकवली. “ही ओळ वाचा आजोबा.”

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. माझ्या दिशेनं मान वळवली आणि पुन्हा समोर केली.

“न्हाय दिसत,” ते म्हणाले.